होडीत लागलेला शब्बाथ

१९७४च्या उन्हाळ्यात आमच्या कारखान्याच्या कामगार समितीने फायबरग्लासची एक शिडाची होडी आणली. इस्राएलमधलं आमचं येरुहाम गाव वाळवंटात आहे, पण गावाबाहेर धरणाचं तळं आहे, आणि तळं आहे म्हटल्यावर समितीला राहवेना. केशरी रंगाची, चार माणसांची होडी. एक डोलकाठी, दोन शिडं, आणि वारा पडलाच तर दोन वल्ही. ही होडी नवशिक्यांसाठी आणि कुटुंबांसाठी आहे, असं सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं. पत्रकावरच्या कुटुंबातले सगळे हसत होते.

होडीची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली, कारण मी कोकणातला. नेहेम्या आवासकर, म्हणजे आवासचा, म्हणजे समुद्राकाठचा, म्हणजे नावाडी. मी पुष्कळ सांगून पाहिलं. आवासला आमचा तेलाचा घाणा होता आणि मला पोहता येत नाही. आम्हा बेने इस्राएलांचे पूर्वज ज्या जहाजातून कोकणात आले ते नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात जोडपी तेवढी वाचली, असं आमचे म्हातारे सांगतात. म्हणजे आमच्या समाजाला दर्यावर्दीपणाचा अनुभव एकदाचाच, आणि तो असा. समितीने सगळं ऐकून घेतलं आणि होडीच्या साखळीची किल्ली माझ्या हातात दिली.

होडी आळीपाळीने एकेका कुटुंबाला मिळायची. सगळ्यांना शनिवार हवा होता, कारण पूर्ण सुटी तेवढीच. मी शुक्रवारची संध्याकाळ मागितली. "शनिवारी आम्ही काडेपेटी ओढत नाही, तिथे होडी काय हाकणार?" असं समितीत ठणकावून सांगितलं. खरं तर हे माझ्या बायकोने, बेलाने, माझ्याकडून वदवून घेतलं होतं. मी एकटा असलो तर शनिवारी रेडिओवर फुटबॉल ऐकतो. पण तेव्हा आम्हाला त्स्वीला खूश करायचं होतं.

त्स्वी आमच्याच गावातला, बेर्शेबाच्या बसचा ड्रायव्हर. मूळचा रुमानियाचा, कडक धार्मिक. त्याचा मुलगा उझी आणि आमची ओरना यांनी लग्न ठरवलं होतं. त्स्वीने काहीच ठरवलं नव्हतं. आम्ही पुरते यहुदी आहोत की नाही, हा वाद सरकारदरबारी दहा वर्षांपूर्वी मिटला होता, पण त्स्वीच्या डोक्यात तो चालूच होता. त्याने माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा करारनामा मागितला. मी दिला. मग आजोबांचा मागितला. तो आवासच्या वाळवीने केव्हाच खाल्ला होता. "विचार करू," त्स्वी म्हणाला आणि वर्षभर विचारच करत राहिला. ओरना आमच्याशी धड बोलेनाशी झाली. आम्हीच कुठेतरी कमी पडतोय असं तिला वाटायचं, आणि तिचं उतरलेलं तोंड मला बघवत नव्हतं.

"अहो, त्याला होडीत बसवा की," बेला म्हणाली. "पाण्यात माणूस नरमतो."

त्स्वी शुक्रवारी बस लावून आमच्याकडे आला. बेलाने करंज्या पुढे केल्या. त्याने फक्त सोडा घेतला. आमच्या स्वयंपाकघरात खाण्यापिण्याचे धर्मनियम पाळतात की नाही, याबद्दलही त्याचा विचार चालू होता. मग आम्ही सगळे तळ्यावर गेलो. बेला करंज्यांचा डबा घेऊन किनाऱ्यावर बसली, आणि साडेपाचला आम्ही दोघे निघालो. अर्ध्या तासात परत येणार होतो.

वारा छान होता. होडी आपली आपण चालली होती आणि मी नावाड्यासारखा बसलो होतो. तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला पोचलो आणि वारा पडला. मी वाट पाहिली, कारण मघाशी वारा होता तर आताही येईल असं मला वाटलं. वारा आला नाही. शेवटी वल्ही उचलली, तळ्याच्या मध्यावर आलो आणि गावातून शब्बाथचा भोंगा ऐकू आला. शुक्रवारी संध्याकाळीच आमचा शनिवार लागतो, आणि मग कुठल्याही कामाला हात लावायचा नाही.

"ठेव खाली," त्स्वी म्हणाला. हिब्रूत सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात.

मी वल्ही ठेवली. खरं सांगतो, मला आनंद झाला. वर्षभर कागद दाखवून जे जमलं नव्हतं ते आता नुसतं बसून जमणार होतं. उद्या रात्री तीन तारे दिसून शब्बाथ सुटेपर्यंत बसायची माझी तयारी होती. किनाऱ्यावरून बेलाने दोनदा हाका मारल्या. मी हात हलवला. मग ती गावाकडे पळत सुटलेली दिसली.

अर्धा तास गेला. त्स्वीच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि उकाडा तर संपला होता. त्याचे हात थरथरत होते.

"काय होतंय?"

"काही नाही."

"त्स्वी."

"साखर," तो म्हणाला. "दोन वर्षं सुया घेतो. आज चारला घेतली. घरी जाऊन खाणार होतो. सुईनंतर खाल्लं नाही की साखर उतरते." मग म्हणाला, "बस कंपनीला माहीत नाही. कळलं तर लायसन्स जाईल."

मी वल्ही उचलली.

"शब्बाथ आहे," तो पुटपुटला.

"जीव आधी. हे तुलाही शिकवलंय आणि मलाही."

मी जीव खाऊन वल्हवत होतो. किनारा जवळ यायला लागला तेव्हा तिथे माणसं दिसली. बेलाने गावात हाकाटी केली होती आणि सिनेगॉगच्या वाटेवरचे वीसेक जण तसेच पांढऱ्या सदऱ्यांत चालत आले होते. आमच्या बेने इस्राएलांपैकी सामाजीकाका होते. त्स्वीच्या रुमानियन सिनेगॉगचे म्हातारे मुख्य तर सगळ्यात पुढे होते.

म्हणजे आणखी थोडं जवळ गेलं की शब्बाथच्या दिवशी होडी वल्हवणारा नेहेम्या आवासकर सगळ्यांना दिसणार होता. का वल्हवतोय हे सांगितलं तर त्स्वीची नोकरी जाणार, नाही सांगितलं तर ओरनाचं लग्न, कारण शब्बाथ मोडणाऱ्याची मुलगी त्स्वीच्या सिनेगॉगने सून म्हणून चालवून घेतली नसती. त्या माणसाचा मला इतका राग आला की मी दातओठ खाल्ले. पण वल्ही खाली ठेवता येत नव्हती.

"मी नाही सांगणार," मी म्हणालो.

त्स्वी माझ्याकडे बघत राहिला. मग गुडघ्यांवर सरकत पुढे आला आणि त्याने माझ्या हातातली वल्ही ओढून घेतली.

"अरे, मरशील!"

"तू मागे बस. हात मांडीवर ठेव. दिसतील असे."

त्याला वल्हवता येत नव्हतं. होडी दोनदा गोल फिरली. किनाऱ्यावरचे सगळे बघत होते आणि मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. तळ कसाबसा चिखलाला लागला तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

"बेला, डबा दे त्याला. विचारू नको काही," मी म्हणालो. तिने नाही विचारलं. तोही काही न विचारता तीन करंज्या खाऊन मोकळा झाला.

"त्स्वी," म्हातारे मुख्य म्हणाले, "शब्बाथच्या दिवशी?"

"घरी जायचं होतं," त्स्वी तोंड पुसत म्हणाला.

ते फिरले आणि चालू लागले. बाकीचे रुमानियनही त्यांच्यामागे गेले, एकानेही त्स्वीला हात दिला नाही. सामाजीकाकांनी जाताना माझी पाठ थोपटली. ती थोपटून घेताना मला लाज वाटली.

आम्ही दोघे सगळ्यांच्या मागून चालत होतो. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, "कशाला केलंस हे?"

"तू दिसला असतास तर म्हणाले असते, ही माणसं असलीच. मी दिसलो. आता म्हणतील, त्स्वी बिघडला." तो धापा टाकत होता. "एकटा त्स्वी बिघडला तर चालतं."

त्याला सुनावायची म्हणून वर्षभर मी किती उत्तरं जमवून ठेवली होती. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. मी नुसता त्याचा दंड धरला, कारण तो अजून झोकांड्या खात होता.

"सुक्कोथच्या सणानंतर धरू या लग्न," मी म्हणालो.

"धर," तो म्हणाला.