गिधाडाचा पंख झालेलं सूप

मी एक जुनं सूप आहे. माझा काठ दोनदा बांधलेला आहे आणि पाठीवर अजून काळा रंग आहे. तो रंग चुलीच्या काजळीचा. तो मला का लागला, तेवढंच सांगायचं आहे. मित्रांनो, पाखडणं हा माझा धंदा. त्यामुळे फोलपट उडवून दाणे तेवढे तुमच्यापुढे ठेवते.

१९८१ साली भोकरदनच्या बाजारात चतुराबाईंनी मला एका बुरुडणीकडून घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं, बोटाने वाजवलं आणि केदारखेड्याजवळच्या आपल्या वस्तीवर आणलं. ज्वारी, बाजरी, तूर, सगळं माझ्यातून गेलं. कामट्या सैल झाल्या की त्या मेथी आणि शेणाचा लगदा करून मला लिंपत. "माझ्या सुपावानी सूप गावात न्हाई," असं शेजारणींना ऐकवत. त्यांच्या मुलाला, मच्छिंद्रला, मुलगी झाली तेव्हा बारशाच्या दिवशी बाळाला आधी माझ्यात निजवलं, मग पाळण्यात घातलं. तिचं नाव बेबीनंदा. त्या दिवशी मी फुशारून गेले होते.

पुढे माझी एक कड उसवली. घरात नवं सूप आलं आणि मी खुंटीवर गेले. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

२००५ च्या हिवाळ्यात बेबीनेच मला खाली काढलं. ती आठवीत होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या वर्गाला नामशेष होत चाललेल्या प्राण्याविषयी बोलायचं होतं. बाकीच्यांनी वाघ घेतला, हिने गिधाड घेतलं. नदीकाठच्या चिंचेवर पूर्वी गिधाडांची गर्दी असे, आता तिथे तीनच उरली होती. त्याच्या पुतळ्यासाठी फुटक्या माठाचं पोट झालं, सायकलच्या ट्यूबची मान झाली, गळ्याभोवती कापूस आला. माझी उसवलेली कड पुन्हा बांधून, पाठीला चुलीची काजळी फासून डावा पंख झाले मी. उजवा पंख शेजारच्या गिरिजाबाईंचं सूप. ते माझ्याहून मोठं, त्यामुळे आमचं गिधाड कायम एका बाजूला कललेलं.

चतुराबाईंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ज्या सुपात तुला निजवलं, त्याचं गिधाड करून राह्यली व्हय? ती अवदसा माझ्या घरात न्हाई पायजे!"

मग बेबी गोठ्यात बसून रोज मोठ्याने पाठ करायची. ऐकायला बैल आणि मी. गिधाड जिवंत जनावराला मारत नाही. मेलेलं जनावर साफ करून ते गावाला रोगराईपासून वाचवतं. पण जनावराला दुखणं थांबवायची एक सुई देतात. तिचं औषध मांसात राहतं. असं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे मला ठाऊकच नव्हतं. ओसरीवर चतुराबाई शेंगा सोलत बसायच्या. त्या आमच्याकडे पाठ करून बसत.

प्रदर्शनात बक्षीस पाण्याच्या टाकीच्या नमुन्याला मिळालं. परीक्षक म्हणाले, "एवढी मेहनत केलीस, मग मोर का नाही केलास?" बेबी परतीच्या जीपमध्ये रडली. चतुराबाईंनी मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मी गोठ्यातच राहिले.

चैत्रात मच्छिंद्रचा बैल आजारी पडला. खांदा सुजला, ताप भरला. डॉक्टर सुई देऊन गेले, आणि दोन दिवसांनी बैल गेला. मेलेलं जनावर गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकायची रीत होती. बैलगाडी जुंपली. चिंचेवरची तिन्ही गिधाडं तोवर वर घिरट्या घालू लागली होती.

बेबी गाडीला आडवी झाली. "अण्णा, याला सुई दिल्ती. माळावर नका टाकू."

"शाळंतलं शाळंत ठिव," मच्छिंद्र म्हणाला. बैल गेल्याने तो आधीच खचला होता. वर गिधाडं, खाली हे बापलेक, आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकलेली. माझ्या काय हातात होतं?

तेवढ्यात चतुराबाई उठल्या. "मच्छिंद्रा, गाडी बांधाकडं घे. खड्डा खंद."

"आई, जमीन बघ किती कडक झाली. आन् तुला गिधाडाचं कवापासून?"

"मला न्हाई आवडत गिधाड. पन माझ्या घरचं ढोर खाऊन ते मरायचं न्हाई. औषध मांसात राह्यतं, मूत्रपिंडं जातेत. बराबर ना गं, बेबे?"

बेबीने जोरात मान डोलावली. मच्छिंद्रने कुदळ घेतली. संध्याकाळपर्यंत खड्डा झाला. बैलाला हळदकुंकू लावलं. वर टाकायला मीठ हवं होतं. चतुराबाई गोठ्यात आल्या, त्यांनी मला उचललं, काळी पाठ पदराने पुसली आणि माझ्यात मीठ ओतलं. ते मीठ त्यांनी माझ्यातूनच बैलावर पसरलं. पुन्हा त्या हातात येईन असं मला वाटलं नव्हतं.

तिन्ही गिधाडं बराच वेळ फिरली. खाली काहीच नव्हतं. ती उपाशीच चिंचेवर परतली.

मित्रांनो, त्या रात्रीपासून मी घरात आहे, माझ्या जुन्या खुंटीवर. तुमच्या घरी जुनं सूप असेल तर त्याला जपा, लगदा लावा. पण त्याआधी तुमच्या वाड्यावस्तीत सुई दिलेलं जनावर गेलं, तर खड्डा खणा. जमीन कडक असली तरी खणा. बैल पुरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीने चिंचेकडे पाहून बोटं मोजली होती. "आज्जी, तिन्ही हायेत!"

"मंग? असणारच," चतुराबाई म्हणाल्या आणि ज्वारी पाखडायला त्यांनी मला खाली काढलं.