फोन ते फाटक

टाचणीचं डोकं गंजलं होतं, आणि दोन कागदांतून ती उपसताना बोटाला लागलीच... रक्त असं नाही, नुसता एक लाल ठिपका. तिला तो बघून उगाच बरं वाटलं. आज काहीतरी टोचायलाच हवं होतं, कुणाला तरी, आणि सुरुवात स्वतःपासून झाली एवढंच. तिनं बोट तोंडात घातलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वा दोन. चार वाजता दहा वर्षांचा अहवाल छापायला जाणार होता, आणि त्यातलं रुग्णवाहिकांचं पान तिच्या टेबलावर अडलं होतं.

एकोणीस वर्षं ती नगरपालिकेची कामं मोजत होती. नळाची तक्रार किती दिवसांत मिटली, रस्त्यावरचा दिवा किती दिवसांनी लागला, कचरा किती वेळा राहिला... कचेरीत मागून सगळे तिला आकडेबाई म्हणत आणि तोंडावर नुसतं बाई. रुग्णवाहिका किती मिनिटांत दारात पोचते, याची रेघ दहा वर्षांत छान उतरत आली होती. त्या उतरत्या रेघेवर बसून रुग्णवाहिकांचे साहेब पुढच्या महिन्यात वर चढणार होते, अख्ख्या शहराचं आरोग्यखातं त्यांच्या हातात जाणार होतं. जाऊ देत की! पण त्याआधी ती त्यांचं पितळ असं उघडं पाडणार होती, की पुन्हा कुणासमोर मिनिटांचं नाव काढायची छाती होऊ नये.

कारण दादा. दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या छातीवर हात ठेवून तो म्हणाला, जरा बघ गं कुणाला तरी बोलवून. तिनं फोन केला, मग पुन्हा केला, मग तिसऱ्यांदा... आणि वहिनी त्याच्या तळव्यांना चोळत होती, आणि तो, जन्मभर प्रत्येक ठिकाणी अर्धा तास आधी जाऊन बसणारा माणूस, दर थोड्या वेळानं विचारत होता, आली का? शेवटी नुसते ओठ हलले. गाडी आली तेव्हा एक्केचाळीस मिनिटं झाली होती, आणि घाई करायचं कारण उरलं नव्हतं. साहेब भेटायला आले होते. फार लवकर गेले हो, म्हणाले. तो 'लवकर' तिनं तेव्हा मुकाट्यानं गिळला, पण पचवला नाही.

आणि अहवालात दादाची मिनिटं किती, तर अठरा! सहा वर्षांपूर्वी साहेबांनी एका ओळीचा आदेश काढला होता — वेळ धरायची ती गाडी फाटकातून सुटल्यापासून, फोन वाजल्यापासून नव्हे. फोन ते फाटक, ती तेवीस मिनिटं, कुणाच्याच खात्यात नव्हती. तिनं फोनच्या खोलीतली वही काढून बघितली होती. फोन आल्याची वेळ, गाडी सुटल्याची वेळ, आणि शेऱ्याच्या रकान्यात एक आडवी रेघ. उशीर का झाला, कुणामुळे झाला... नुसती रेघ.

मग तिनं कंबर कसली. त्या जुन्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या. भांडारातल्या माणसाच्या विनवण्या करून तिनं त्या आपल्या कपाटात आणून ठेवल्या. अकरा महिने, रोज जेवणाच्या सुट्टीत, एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं आकडे. दहा वर्षांतले सगळे फोन एकटीला झेपणार नव्हते, म्हणून दर दहावा फोन घ्यायचा, असं तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं. कसं निवडायचं ते वही उघडण्याआधी ठरवा आणि मग मेलात तरी बदलू नका, हे ती नव्या माणसांना दरडावून शिकवत आली होती.

आणि आज शेवटची वही संपली होती. तिनं बेरीज केली. पुन्हा केली. मग कागद उलटा ठेवला, पाणी प्यायली आणि तिसऱ्यांदा केली... दहा वर्षांपूर्वी, फोनपासून दारापर्यंत, एकोणतीस मिनिटं. आता चौदा. साहेबांच्या अहवालात अकरा. म्हणजे सगळी लबाडी मिळून तीन मिनिटांची! रेघ उतरतच होती, खरोखर उतरत होती. साहेबांनी काम केलं होतं, त्या कामानं कुणाकुणाचे भाऊ वाचलेही असतील, आणि तिच्या अकरा महिन्यांच्या पदरात तीन मिनिटं पडली होती. बरं, दादा तरी त्यात असावा? तोही नाही. त्याचा फोन त्याच्या दहांतला सातवा. तिच्याच नियमानं, तिच्याच हातानं, ती त्याला ओलांडून पुढे गेली होती आणि तिला पत्ताही लागला नव्हता. तिच्या अंगाची नुसती आग झाली.

म्हणून मग तिनं दुसरा कागद घेतला. फक्त तो महिना. फक्त आपला भाग. चौदा फोन, दादाचा धरून. सरासरी बत्तीस मिनिटं... रुग्णवाहिकांच्या पानावर हा तक्ता चिकटवला की साहेब तोंडघशी. गेल्या वर्षी एका नव्या कारकुनानं असाच, हवं तेवढं वेचलेला तक्ता आणला होता, तेव्हा तिनं तो त्याच्यासमोर टरकावला होता. हे मोजणं नाही, ही फिर्याद आहे, असं म्हणाली होती. आता तिच्याच हातानं तसल्याच तक्त्याची रेघ किती सरळ येत होती!

सकाळी वहिनीनं भाजी चिरता चिरता, वर न बघता विचारलं होतं, "वन्सं, मोजून झालं की मग काय करणार?" दादा गेल्यापासून ती वन्सं म्हणाली नव्हती. मग म्हणजे काय मग? सूड घेतल्यावरच्या दुपारी माणसं काय करतात?

साडेतीनला साहेब स्वतःच आले. खाली गाडी उभी आहे, छापखान्याचा माणूस खोळंबलाय, असं हसतच सांगितलं आणि खिशातून पेन काढलं. "कुठं सही करू? तुमचं पान मी वाचतसुद्धा नाही, बाई."

तिच्यासमोर दोन कागद होते, एक खरा आणि एक तिचा. जो ती पुढे सरकवेल त्यावर सही होणार होती. तिनं दोन्हींवर हात ठेवला.

"बसा साहेब. एक बेरीज पाहायची राहिलीय."

ते बसले. आणि ती मान खाली घालून, जुळलेलीच बेरीज पुन्हा जुळवू लागली, आणि तेव्हाच तिनं ठरवून टाकलं की तेवीस मिनिटं यांना इथं बसवायचं, एकही कमी नाही. पहिली पाच-सहा मिनिटं गोड गेली. त्यांनी चष्मा पुसला, पायावर पाय टाकला, खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं, आणि तिला आतून उकळ्या फुटत होत्या... बस. बस असाच. विचार, आली का म्हणून.

पण मिनिटं संपेनात. केवढी असतात तेवीस मिनिटं! या वेळात चहा टाकून, पिऊन, कप विसळून होतो. त्या दिवशी फोनपलीकडे कुणीतरी ही एवढी सगळी मिनिटं बसून काढली होती, आणि दोन वर्षं तिनं त्या माणसाला साहेबांचा चेहरा लावला होता. तो काय करत असेल? वही आखत असेल, कुणाशी बोलत असेल, चालकाची वाट बघत असेल. त्याला आत काय वाटत असेल... आणि तिच्या एकदम ध्यानात आलं की ते तिला आत्ता ठाऊक आहे. काही वाटत नाही. टेबलाच्या या बाजूला माणूस बसतो, पेन चालवतो, समोरचा ताटकळतो, आणि आत काही म्हणजे काही होत नाही. मी इथं आहे. मी त्याच खुर्चीत आहे.

"बाई, अजून किती?"

तिनं घड्याळ पाहिलं. तेरा झाली होती.

"दहा मिनिटं."

बाई दहा म्हणाल्या म्हणजे दहाच, म्हणून साहेब निमूट मागे टेकले. तिचा हात दोन्ही कागदांवर तसाच होता. राग तसूभरही उतरला नव्हता, उलट जास्तच धगधगत होता. फक्त तो आता कुणावर धरायचा हे तिला कळेना, आणि अजून दहा मिनिटं काढायची होती.