हॉरेसला ऐकू आलेलं गाणं

"मेव्हिस, पोरं अजून नुसत्या तारा जुळवताहेत तर खिडक्या हादरल्या. आवाज कमी करायला सांग, नाहीतर मी पडदा ओढतो," विल्फ्रेड माझ्या टेबलाशी येऊन गुरगुरला.

"तूच सांग की. मी सेड्रिकची आई, आवाजाचं बटण नव्हे."

विल्फ्रेड आमच्या ॲस्टनच्या कामगार क्लबाचा सेक्रेटरी. रविवारी दुपारी नव्या मंडळींनी दोन गाणी वाजवायची, त्यांना पुन्हा बोलवायचं का ते सभासदांनी हात वर करून ठरवायचं, आणि अगदीच असह्य झालं तर यानं मधेच पडदा ओढायचा, अशी रीत. एवढीशी सत्ता, पण मिरवायचा केवढी.

तोंड चालवलं खरं, पण माझं सगळं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे होतं. माझा नवरा हॉरेस जन्मभर घणाच्या कारखान्यात. तापल्या लोखंडावर वाफेचा घण दिवसभर आदळायचा, त्यात त्याचे कान गेले. आधी पाखरं गेली, मग माझी बडबड. पोराचं एकही गाणं त्यानं ऐकलं नव्हतं. म्हणून सेड्रिकनं गिटारच्या तारा सैल करून सूर पार खाली उतरवले. "बाबांना खालचं थोडं ऐकू येतं गं," एवढंच म्हणाला.

पहिल्या गाण्याला बायकांनी कान झाकले. अगं बाई, काय तो दणका. हॉरेस बिअर पीत ढिम्म. दुसरं सुरू झालं, आणखी जड, आणखी संथ. हॉरेसनं ग्लास बाजूला सारला आणि टेबलावर तळवा पालथा ठेवला. त्याची मान हलू लागली.

तिकडे विल्फ्रेडनं पडद्याची दोरी धरली आणि खजिनदाराकडे वळून काहीतरी पुटपुटला. मधे अख्खा हॉल होता. पण कारखान्यातली माणसं ओठ वाचतात, हे तो विसरला.

"बहिऱ्यांची मतं मोजू नकोस म्हणतोय," हॉरेस ओरडला आणि हात वर करून उभा राहिला. त्याच्यामागे घणवाल्यांची सगळी टेबलं उठली, सगळ्यांचे हात वर. विल्फ्रेडनं मुकाट्यानं दोरी सोडली.

गाणं संपल्यावर सेड्रिक घामाघूम होऊन खाली आला. ओठ दिसतील असा बापासमोर उभा राहिला.

"आलं ऐकू?"

हॉरेसनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तो तुझा ड्रमवाला. दुसऱ्या गाण्यात सारखा मागे पडत होता. आमच्या कारखान्यात असता तर पहिल्याच दिवशी घरी धाडला असता."

आमच्याकडे पाठ करून सेड्रिक कितीतरी वेळ गिटारची वायर गुंडाळत बसला.