बिनखिळ्यांची खाट

मित्रांनो, खाटेनं आपली कहाणी सांगायला बसावं, हे ऐकून तुम्हाला हसू येत असेल. हसा खुशाल. मी एक जुनी खाट आहे. दिसायला साधी, अंगानं किडकिडीत. पण तरुणपणी माझा तोरा काही विचारू नका! मोठमोठे शिसवी पलंग मला जडशीळ आणि आळशी वाटायचे. ते एकदा मांडले की मांडले. मी मात्र चुटकीसरशी उभी राहायचे आणि चुटकीसरशी मोकळी व्हायचे. हातोडी नको, पाना नको, खिळा तर नकोच नको.

माझा जन्म दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या एका सरकारी घरात, बाहेरच्या खोलीच्या फरशीवर झाला. मला घडवणारी सुखदा त्या घरची मुलगी. फर्निचर कसं आखावं याचं शिक्षण ती घेत होती. तिच्यापुढची अडचण मात्र काही पुस्तकातली नव्हती. घरात खोल्या मोजक्या आणि पाहुणे अमाप. गावाकडचं, मिरजेकडचं कोणी मुलाखतीसाठी यायचं, कोणी मोठ्या इस्पितळात दाखवायला, कोणी नुसतंच लाल किल्ला बघायला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात खोली मिळाली नाही, की सुखदाच्या बाबांना, म्हणजे राजीवना, फोन यायचाच. "या की, घर आपलंच आहे," याखेरीज त्यांना दुसरं उत्तर येत नव्हतं. मग जमिनीवर गाद्या पडायच्या आणि गुडघे दुखणारे पाहुणे सकाळी भिंत धरधरून उठायचे. सुखदाला ते बघवेना.

तिनं मला आधी पुठ्ठ्यात केलं, मग पॉप्लरच्या हलक्या लाकडात. एका हातानं उचलता येईल एवढंच माझं वजन. युक्ती अशी होती, की माझ्या दोन लांब पट्ट्या डोक्याच्या आणि पायाच्या फळ्यांमधल्या तिरक्या खाचांत बसत. वर माणूस निजला, की त्याच्याच भारानं सांधे आवळले जात. मधल्या आडव्या पट्ट्या कापडी पट्ट्याला जोडलेल्या, चटईसारख्या गुंडाळता येणाऱ्या. ऐकताना सोपं वाटतं. पण खाचेचा तिरकेपणा जमेपर्यंत सुखदानं लाकडाचा किती भुसा केला, ते तिच्या आईला, साधनाताईंना विचारा. केर त्याच काढायच्या.

पहिल्या परीक्षेत मी सपशेल नापास झाले. राजीव ऑफिसातून आले, हातात चहाचा कप, आणि बसले माझ्यावर. पुढच्या क्षणी ते, कप आणि मी, तिघंही फरशीवर.

"अरे यार, बाबा! अजून बसायचं नव्हतं!" सुखदा ओरडली.

"मग खाटेवर काय उभं राहायचं असतं?" राजीव शर्ट झटकत म्हणाले.

पुढे मात्र मी तयार झाले. पाहुणा आला की उभी, गेला की कपाटामागे. मिरजेला माझी कीर्ती पोचली. "राजीवकडे एक जादूची खाट आहे म्हणे," असं लोक बोलायचे आणि मी कपाटामागच्या अंधारात फुगून बसायचे. किती जणांची उद्याची काळजी मी रात्रभर अंगावर घेतली! ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मग अण्णा आले. मुरलीधर अण्णा, राजीवचे वडील. मिरजेच्या घरी ते एकटेच राहायचे. एकदा गॅस चालू ठेवून फिरायला निघून गेले. शेजाऱ्यांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. राजीव तातडीनं जाऊन त्यांना घेऊन आले. "पंधरा दिवस या, अण्णा," असं त्यांना सांगितलं होतं. परत पाठवायचं कोणाच्याच मनात नव्हतं, पण तसं तोंडानं कोणी म्हटलं नाही. घरच्या माणसाला काय सांगायचं, असं सगळ्यांना वाटलं.

पहिल्या सकाळी सुखदानं मला कशी मोकळी करायची ते अण्णांना दाखवलं. त्यांना भारी कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवसापासून घर जागं व्हायच्या आधी ते स्वतःच मला मोकळी करू लागले. पट्ट्या काढायच्या, चटई गुंडाळायची, सगळं कपाटामागे सारायचं आणि दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसायचं. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. "अण्णा, कमाल आहे बुवा तुमची," साधनाताई म्हणाल्या. समोरच्या घरातल्या आसामी बाईसुद्धा बघायला आल्या. "वाह अंकलजी, क्या फुर्ती है!" अण्णा हसायचे.

त्या कौतुकात मीही सामील होते, मित्रांनो. पण हळूहळू माझ्या ध्यानात काही गोष्टी येऊ लागल्या. पट्टी उचलताना ते मधेच थांबून भिंतीला टेकायचे. दुपारी खुर्चीत त्यांची मान कलंडायची, आणि कोणी आलं की ते दचकून सावरून बसायचे. आपली कापडी पिशवी त्यांनी कधी रिकामी केलीच नाही. रोज तिच्यातून कपडे काढायचे आणि धुऊन आलेले घडी करून पुन्हा तिच्यातच ठेवायचे. हा माणूस रोज सकाळी निघायची तयारी करत होता. हे मला कळत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. खाट असण्याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झालं.

भाद्रपदातली एक सकाळ होती. हवा अशी चिकट, की माझं लाकूड फुगलं होतं. अण्णांनी नेहमीसारखी पट्टी उचलली. ती हलेना. दोन्ही हात लावले, गुडघा टेकवला, तरी ती जागची हलेना. त्यांच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्याच दिवशी नोएडाच्या एका कंपनीचे लोक मला बघायला येणार होते. त्यांना मी पसंत पडले, तर सुखदाच्या खाटा कारखान्यात तयार होणार होत्या. ते अण्णांना ठाऊक होतं.

खुडबूड ऐकून सुखदा उठून आली. "आजोबा, राहू दे ना आज."

"अगं, तुझी वस्तू बिघडवली मी बहुतेक. थांब, निघेल."

"बिल्कुल बिघडलेली नाही. हवा दमट आहे, म्हणून अडकलीय. असू दे तशीच."

"तशीच कशी? इथं माणसं येतात-जातात. पाहुण्यानं पसारा तरी किती घालायचा!"

"कोण पाहुणा?"

"मीच की. पंधरा दिवसांसाठी आलो होतो, किती महिने झाले बघ. समोरच्यांच्या मुलाकडून तिकीट काढून घेतलंय. परवा निजामुद्दीनहून गाडी आहे. आज सांगणारच होतो."

सुखदाची नजर भिंतीजवळच्या पिशवीकडे गेली. "आजोबा, तुमचे कपडे अजून या पिशवीतच आहेत?"

"मग कुठं ठेवू?" अण्णा अगदी साधेपणानं म्हणाले. "मला कोणी कप्पा दाखवला नाही गं."

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. चहा घेऊन आलेल्या साधनाताई दारातच थबकल्या. कप तिथंच ठेवून त्या आत गेल्या आणि कपाटातल्या साड्यांचे गठ्ठे ओढून सोफ्यावर टाकू लागल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"आई, आपल्याकडे हातोडी आहे?" सुखदानं विचारलं.

"हातोडी कुठली आपल्याकडे!" म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणून दिला. राजीवनी भिंतीवरची कॅलेंडरं उतरवली आणि त्यांचे खिळे उपसले. खिळे हातात घेऊन ते घुटमळले. "अगं, उद्या ते लोक हिला बघायला येणार आहेत ना?"

"मी दुसरी करीन, बाबा. ही आजोबांची आहे."

आणि सुखदानं, जिनं खिळा लागू नये म्हणून इतकी लाकडं झिजवली होती, तिनं माझ्या एकेका सांध्यात स्वतःच्या हातानं खिळा ठोकला. दुखलं. खोटं कशाला बोलू? माझा सगळा तोरा त्या बत्त्याखाली चेचला गेला. "अगं, भोकं पडतील, भोकं पडतील," असं म्हणत अण्णा तिचा हात धरायला बघत होते. शेवटचा खिळा बसल्यावर ते माझ्यावर हलकेच टेकले. पायाकडची फळी त्यांनी हलवून पाहिली. ती हलली नाही.

"तिकीट..." ते पुटपुटले.

"मी रद्द करतो, अण्णा," राजीव म्हणाले. मग ते उगाच मोबाइलमध्ये बघत राहिले.

त्या दुपारी अण्णा जेवले आणि माझ्यावर आडवे झाले. घरात माणसं वावरत होती, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि हा माणूस भरदिवसा घोरत होता. इतक्या पाहुण्यांना मी झोपवलं, पण असं निर्धास्त घोरणं त्याआधी ऐकलं नव्हतं.

सुखदानं मुदत मागून घेतली, म्हणून त्या कंपनीचे लोक पुढे महिन्याभरानं आले. सुखदानं दुसरी खाट केली होती, ती त्यांना पसंत पडली. आज गुरुग्राम-नोएडात, भाड्यानं राहणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या खोल्यांत माझी भावंडं आहेत. सगळी मोकळी होणारी, सगळी माझ्यापेक्षा देखणी. अण्णा शेवटपर्यंत माझ्यावरच निजले. आता ते नाहीत. राजीव निवृत्त झाले, तेव्हा नव्या घरी जाताना सामान नेणारी माणसं म्हणाली, "मॅडम, इसे खोल दें?" साधनाताई म्हणाल्या, "नहीं, ऐसे ही जाएगा." मी लिफ्टमध्ये मावले नाही. जिन्यावरून आडवी-तिडवी होत वर आले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगतात. मला तसं सांगायचं नाही. तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस राहायला आलं आणि पहाटे उठून आपलं अंथरूण आवरू लागलं, तर 'किती नीटनेटके' म्हणून टाळ्या वाजवू नका. त्यांना आधी कपाटातला एक कप्पा रिकामा करून द्या. माझ्यावरची धूळ नंतर पुसलीत तरी चालेल.