कावेचा ठिपका

कासाबाईच्या हातात पेढा होता. तो तोंडापर्यंत गेलाच नाही, कारण तेवढ्यात तिची भावजय केवळा कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली आणि हसत हसत बोलायला लागली.

"वन्सं, तुमच्या भावानं नवा पंप घेतला बगा," केवळा म्हणाली. "परवा, पोखर्णीच्या दुकानातून. दुकानदार दुसराच द्यायलता. पर ह्यायनी पंप उलटा केला, बुडाला बगितलं, अन् म्हनले, आक्काचा ठिपका हाय, हाच द्या."

"झाकन कसल्या रंगाचं हाय?" कासाबाईनं विचारलं.

"निळं. लय चांगलं दिसतंय."

निळं! अगं माझे माय! कासाबाईनं फाटकाचा गज धरला.

आता हा ठिपका म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. परभणीच्या त्या कारखान्यात पाठीवर अडकवायचे फवारणीचे पंप बनायचे. कासाबाई तिथं सात वर्षं पंप तपासायला होती. टाकीच्या बुडाशी जिथं नळी बसते तिथं एक रबरी वायसर असतो. तो नीट बसला नाही तर औषध झिरपतं आणि फवारणाऱ्याच्या कंबरेवरून खाली उतरतं. औषध आपलं म्हणायचं, आहे ते विषच. म्हणून कासाबाई टाकीत पाणी भरायची, दांडा पन्नास वेळा हापसायची आणि त्या सांध्यावर चुलीतली कोरडी चाळलेली राख भुरभुरायची. मग थांबायची. राख पांढरी राहिली तर पंप चांगला. काळा डाग उमटला की पंप परत. कुणी कितीही घाई करो, बाई हलायची नाही. पास झालेल्या पंपाच्या बुडाला ती कावेत बोट बुडवून एक तांबडा ठिपका द्यायची. माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. बाप आपल्या मेंढरांच्या पाठीवर असाच कावेचा ठिपका द्यायचा, तीच सवय. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. पण दोन-तीन वर्षांत झालं असं, की सोनपेठच्या बाजारात, पोखर्णीला, चुडाव्याला गिऱ्हाईक पंप उलटा करून आधी ठिपका बघायला लागलं. ठिपका नसला तर दुकानदार माल परत पाठवायचा.

मग मालक तात्यारावांच्या डोक्यात सर्टिफिकेट शिरलं. ते मिळालं की सरकारी ऑर्डरी, परदेशी ऑर्डरी, काय न् काय! पुण्याहून एक सल्लागार साहेब आले. त्यांनी कारखाना फिरून पाहिला, कासाबाईचा राखेचा डबा पाहिला आणि नाकाला रुमाल लावला. "हे कुठल्या पद्धतीत बसतं?" म्हणाले. डबा उचलून संडासामागं ठेवला गेला. त्याच्या जागी भिंतीवर दाब मोजायचं चकचकीत घड्याळ आलं. त्याला नळी जोडायची राहिली ती राहिलीच. पण दिसायला झ्याक होतं.

तपासणीला साहेब लोक यायला तीन दिवस उरले तेव्हा कळलं, मागच्या सहा महिन्यांची रजिस्टरं पाहिजेत. ती होती कुठं? सुपरवायझर बन्सीधरनं तपासणीच्या टेबलावरचे पंप बाजूला सारले आणि कासाबाईला रजिस्टरं भरायला बसवलं. चौथी शिकलेली बाई, पण अक्षर वळणदार. पंप नंबर, तारीख, दाब, गळती नाही, सही. पुन्हा पंप नंबर, तारीख, दाब. निळा पेन, काळा पेन, मधेच हिरवा, म्हणजे रोज भरल्यासारखं वाटावं. वर बन्सीधरनं चहात फडकं बुडवून पानांच्या कडा पिवळ्या केल्या. तीन दिवस पंपांना कुणी हात लावला नाही, आणि पंप बनायचे तर थांबले नव्हते. निळ्या झाकणांची खेप नेमकी त्याच तीन दिवसांत लागली. त्यात वायसर नवे आलेले, स्वस्तातले, खडखडीत. पहिल्या दिवशी सकाळी, रजिस्टरं पुढ्यात यायच्या आधी, तिनं संडासामागच्या डब्यातली राख आणून दहा पंपांना लावली होती, तर चारांना डाग आले होते. तिनं बन्सीधरला सांगितलंसुद्धा.

"फायलीत वायसरवर आक्खं पान लिव्हलंय, फिकीर करू नको," तो म्हणाला. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी एकशे चाळीस पंप तिच्यापुढं मांडून म्हणाला, "ठिपके मार. बिनठिपक्याचा माल दुकानदार घेईना गेलेत."

"तपासलेले न्हाईत, भाऊ."

"रजिस्टरात तपासलेत की! सही कुनाची हाय? तुझीच ना? मग?"

तिनं पेन खाली ठेवला. घरी दोन पोरी, नवरा मोंढ्यात हमाली करून पाठीनं अधू झालेला. बन्सीधर म्हणाला, नको असेल तर दुसऱ्या बाया पुष्कळ हायेत. तिनं कावेत बोट बुडवलं. एकशे चाळीस ठिपके द्यायला तासभरसुद्धा लागला नाही. तपासणीचे साहेब आले, तिनं पाठ केलेलं गुणवत्तेचं वाक्य न अडखळता म्हणून दाखवलं, साहेब खूश झाले. महिनाभरात सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत येऊन बसलं. आज त्याचेच पेढे होते.

"येडबा फवारायलाय का कुठं?" तिनं केवळाला विचारलं.

"आज पंडित पाटलाच्या कापसात. सकाळीच गेलेत. बोंडअळी लय पडलीय म्हनले, पाटलानं जहाल औषध आनलंय."

कासाबाई पळतच बन्सीधरकडं गेली. तो हारवाल्याला पैसे देत होता. "भाऊ, ते निळ्या झाकनाचे पंप परत मागवा. आत्ताच्या आत्ता. दुकानदारांना फोन लावा. माझा भाऊ तसलाच पंप घेऊन गेलाय."

बन्सीधरनं तिला ऑफिसच्या भिंतीआड ओढलं. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, आवाज मात्र खाली गेला. "आज? आज बोलायलीस हे? मालक ऐकतील ना! अन् ऐक, उद्या काही झालंच तर कागद काय म्हनतो? कासाबाईनं तपासला. गळती न्हाई. सही. जेलात कोन जाईल, मालक का तू?"

खरं होतं ते. सगळं तिच्याच वळणदार अक्षरात होतं. ती मागं वळली, संडासामागं गेली, डब्यातली मूठभर राख पदराच्या टोकात बांधली आणि केवळाला हाताला धरून फाटकाबाहेर पडली. हजेरी, पगार, कशाचंच भान नव्हतं.

एसटी स्टँडवर पोखर्णीची गाडी उभी होती, पण ड्रायव्हर चहाला गेलेला. स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा, एकावर एक रंगवलेल्या. ती त्या वाचत बसली, पण एकही अक्षर डोक्यात शिरेना. शेजारी केवळा आता रडायला लागली होती. "वन्सं, काय झालंय ते तरी सांगा." काय सांगणार? तुझ्या नवऱ्यानं माझं बोट बघितलं अन् पंप घेतला, आणि ते बोट खोटं होतं?

गाडी सुटली तशी तिनं मनात पोखर्णीच्या नरसिंहाला हात जोडले. सहा पंपांची राख पांढरी राहिली होती की. सहा चांगले, चार वाईट. देवा, माझ्या भावाला सहातला मिळू दे. मग तिच्या लक्षात आलं, की आपण काय मागतोय. येडबाला सहातला मिळाला तर चारातला दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर असणारच. तरी तिनं तेच मागितलं. बहीण होती, दुसरं काय मागणार?

पोखर्णीच्या फाट्यावरून पाटलाचं शेत मैलभर. दोघी पळत सुटल्या. चप्पल चिखलात रुतली ती कासाबाईनं तिथंच सोडली. औषधाचा उग्र वास बांधावरूनच यायला लागला. छातीपर्यंत वाढलेल्या कापसात येडबा दिसला. पाठीवर पंप, निळं झाकण उन्हात चमकायलंय, हात हापसायलाय. जिवंत! उभा! कासाबाईच्या तोंडून हुंदका फुटला.

"येडबा! पंप उतरव! उतरव आधी!"

तो वळला. हसला. "आक्का? तू इकडं कामून?" चेहरा घामानं निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती आणि त्याला ती पुसायचंही सुचत नव्हतं.

तिनं जवळ जाऊन पट्टे ओढले. सदरा कंबरेपासून खाली चिंब. धोतर मांड्यांना चिकटलेलं.

"घाम हाय गं," येडबा म्हणाला. "सकाळधरनं लय घाम यायलाय. डोळ्यापुढं अंधारी येतीय. ऊन लागलं वाटतं."

पदरातली राख सोडायची गरजच उरली नव्हती. तरी तिनं सोडली. पंप उताणा टाकून सांध्यावर राख भुरभुरली. राख पडताक्षणी काळी झाली. तिच्या शेजारीच तांबडा ठिपका होता, गोल, सुबक, पुसट न झालेला.

येडबा खाली बसला आणि ओकला. मग आडवाच झाला. हातपाय थरथरायला लागले. त्यानंतर कासाबाई काय करत होती ते तिचं तिला कळत नव्हतं, पण हात चुकले नाहीत. तिनं त्याचे कपडे फाडून काढले, दोघींनी त्याला विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर ओढत नेलं, पाटलाच्या गड्याला मोटार चालू करायला लावून त्याच्याच साबणानं कंबर, मांड्या, पाय घासले. केवळा नवऱ्याच्या नावानं टाहो फोडत होती आणि कासाबाई ओरडत होती, "रडू नको, घास!" त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या तिनं पाहिल्या, आणि तिला वाटलं, गेला. माझा भाऊ गेला. मीच घालवला.

पाटलानं जीप काढली. परभणीच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं त्याच्या छातीवर हात ठेवलेला होता. मध्ये दोनदा तिला वाटलं छाती हलायची थांबली. दोन्ही वेळा जीप खड्ड्यात आदळली आणि त्यानं श्वास घेतला. दवाखान्यात डॉक्टरांनी सुयांवर सुया दिल्या. "अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं," म्हणाले. "इतकं भिजेपर्यंत याला कळलं कसं नाही?"

कासाबाईला माहीत होतं, का कळलं नाही ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी येडबानं डोळे नीट उघडले. केवळा चहा आणायला खाली गेली होती. त्यानं बहिणीकडं मान वळवली.

"आक्का, घाम न्हवता का तो?"

"न्हाई रे."

"मला वास यायलता गं. एकदा वाटलं बी, पंप गळायलाय का काय. उतरवून बगनार होतो. मग म्हनलं, कशाला? आक्काचा ठिपका हाय. घामच असंल."

कासाबाईला वाटलं, जमीन दुभंगावी. बन्सीधरचं बोलणं आठवलं, सही आठवली, जेल आठवलं, पोरी आठवल्या. खोटं बोलणं सोपं होतं. वायसर नंतर सरकला म्हणायचं, की संपलं. तिनं भावाचा हात धरला.

"मी तपासलाच न्हवता, येडबा. नुसता ठिपका मारला. भिऊन मारला."

त्यानं खिडकीकडं तोंड केलं. तिला वाटलं, आता हा हात काढून घेणार, आयुष्यभर माझ्या दारात येणार नाही. हात त्यानं काढला नाही.

"असे किती मारलेस?" त्यानं विचारलं.

"एकशे चाळीस."

"कुठी गेलेत ते?"

"सोनपेठ. चुडावा. पोखर्णीतबी अजून असतील."

येडबा पुन्हा तिच्याकडं वळला. आवाज इतका खोल गेला होता की तिला खाली वाकावं लागलं.

"ते समदे तुझा ठिपका बघूनच घेतले असतील ना, आक्का? त्यायलाबी घामच वाटत असंल." त्यानं तिचा हात सोडला. "मग इथं कशाला बसलीस? ऊन व्हायच्या आत जा."

कासाबाई उठली. दारात केवळा चहा घेऊन येत होती, तिनं तो घेतला नाही. ती जिना उतरली. भीती गेली नव्हती, उलट वाढली होती. आता ती साऱ्या बाजारापुढं उभी राहून सांगणार होती, की हा ठिपका माझा आहे आणि खोटा आहे. त्यानंतर बन्सीधर ते रजिस्टर काढणारच.

तिनं पदराचं टोक चाचपून पाहिलं. कालची राख सगळी सांडली होती. दवाखान्यासमोर एक बाई चूल पेटवून भाकरी थापत होती. कासाबाईनं तिच्याकडून मूठभर राख मागून घेतली, त्यातले निखारे वेचून टाकले, पदरात गच्च गाठ मारली आणि चुडाव्याची गाडी कुठं लागते ते विचारत निघाली.