स्वप्नातल्या घराचा पत्ता

मी एक ईझल बोलतोय. चित्र काढताना कॅनव्हास टेकवायला तीन पायांची लाकडी घोडी लागते ना, तीच मी. सिल्वासात एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीपाशी उभा आहे.

माझं लाकूड मूळचं परदेशातलं. धाग्याच्या कारखान्यात नवं मशीन आलं, त्याच्या पेटीच्या फळ्या होत्या. तिथला मॅनेजर राजेंद्र. त्याने चांगल्या फळ्या निवडून बाजूला ठेवल्या आणि गोकुळ सुताराला बोलावलं. गोकुळ शहाद्याकडचा. रंधा मारता मारता त्याने विचारलं, "साहेब, कोणासाठी करी राहिलो मी हे?"

"बायकोसाठी. चित्रं काढते ती."

"मग पाय भक्कम ठेवतो. हे डुगडुगलं तर हात हलतो माणसाचा."

त्याने शब्द पाळला. मी कधी डुगडुगलो नाही.

अंजली नाशिकला चित्रकला शिकलेली. लग्नानंतर सिल्वासात आली, मुलगी ईशा झाली, आणि रंगाच्या ट्यूब कपाटातच वाळून गेल्या. ईशा शिकायला पुण्याच्या हॉस्टेलवर गेली तेव्हा मी घरात आलो. पण काढायचं काय, हे तिला सुचेना. माझ्यासमोर बसून ती नुसती चहा प्यायची.

एका सकाळी राजेंद्रने तिला आपलं स्वप्न सांगितलं. नदीत उतरत गेलेला जिना आणि प्रत्येक पायरीवर एक बगळा. अंजलीने डोळे मिटून ऐकलं. तिला स्वतःला गाढ झोप लागते, स्वप्नं पडत नाहीत. तो कामावर गेला आणि तिने माझ्यावर कॅनव्हास चढवला. संध्याकाळी तो परतला तेव्हा बगळे ओले होते.

मग ती रीतच पडली. सकाळी त्याने सांगायचं, दिवसभर तिने रंगवायचं. स्वप्न सांगताना माणूस आवाज खाली आणतो, हे मी तेव्हा पाहिलं. ऐकणाराही मग हळू श्वास घेतो. त्या दोघांना तसं बसलेलं पाहून मला वाटायचं, आपण चांगल्या घरी पडलो.

हळूहळू स्वप्नं बदलली. जिने, बगळे गेले आणि एक घर येऊ लागलं. उतारावरचं कुडाचं घर, निळं दार, चिंचेला बांधलेला झोका, मागे लांबवर पाणी. कधी झोक्यावर लहान मुलगी, कधी अंगणात वाळत घातलेली मिरची. तेच घर, वेगवेगळ्या वेळचं. अंजली त्यात रमून गेली. राजेंद्र संध्याकाळी माझ्यासमोर उभा राहून बारकाईने बघायचा.

"दार थोडं गडद कर," तो म्हणायचा. "आणि झोक्याची दोरी पिवळी आहे."

"इतकं कसं रे आठवतं तुला?"

"रोज येतं ना डोळ्यांपुढे."

गावात प्रदर्शन भरलं. त्या घराची चित्रं सगळ्यांना आवडली. अंजली प्रत्येकाला सांगत होती, "स्वप्नं माझ्या नवऱ्याची, रंग तेवढे माझे." राजेंद्र शेजारी उभा राहून हसत होता. ईशाने एक चित्र हॉस्टेलवर नेलं आणि पलंगाच्या वर लावलं. बाबांच्या स्वप्नातलं घर म्हणून.

यंदा थंडीत राजेंद्र कामासाठी सुरतला गेला होता. नव्या चित्रातलं पाणी अंजलीला जमत नव्हतं. दुधनीच्या जलाशयावर जाऊन खरं पाणी बघावं, म्हणून तिने मला आणि अर्धवट चित्राला गाडीत घातलं. वाटेतलं खानवेल गाव मागे पडलं. रस्ता वळला आणि तिने एकदम ब्रेक दाबला.

उतारावर निळं दार होतं. चिंच होती. दोरी पिवळी होती.

तिला आधी आनंदच झाला, हे मला सांगायला हवं. तिने घाईघाईने मला रस्त्याकडेला उभं केलं, चित्र ठेवलं, आणि एकदा घराकडे, एकदा चित्राकडे बघत राहिली. झोक्यावरची मुलगी उतरून जवळ आली.

"हे आमचं घर आहे," ती म्हणाली.

"हो का? नाव काय तुझं?"

"गुड्डी. पण यात पप्पा नाहीत. पप्पांनीच झोका बांधला."

"काय नाव पप्पांचं?"

"राजेंद्र. शनिवारी येतात."

शनिवारी प्लांटवर थांबावं लागतं, असं तो घरी सांगायचा. इतकी वर्षं.

आतून एक बाई आली. "पाणी देऊ का बेन?" तिने विचारलं. मग तिची नजर चित्रावर गेली आणि तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. ती जया. पूर्वी राजेंद्रच्याच कारखान्यात पॅकिंगला होती. दोघींपैकी कुणीही आवाज चढवला नाही. अंजली पाणी प्यायली, माझी घडी घालून तिने मला गाडीत ठेवलं आणि ती परत फिरली. त्या दिवशी तिचा हात हलत होता. माझे पाय भक्कम असून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी राजेंद्र परतला. तिने चित्र माझ्यावरच ठेवलं होतं.

"मी जाऊन आले तिथे," ती म्हणाली.

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "मी तुझ्यापासून लपवलं नाही, अंजली. सगळं तुलाच सांगत होतो. फक्त स्वप्न म्हणून सांगत होतो."

"आणि मी ते रंगवत होते. लोकांना बोलावून दाखवत होते."

"कुणाला तरी सांगायचं होतं गं. तू डोळे मिटून ऐकायचीस."

ईशाला तिने स्वतः फोन करून सांगितलं. ईशाने एकच विचारलं, "तू काढत होतीस तेव्हा बाबा बघायचे?"

"रोज. दाराचा रंगसुद्धा तेच सांगायचे."

ईशाने पलंगावरचं चित्र काढलं का, ते मला माहीत नाही.

मला चीड येते ती याची. स्वप्न पेलतोय म्हणून मी ताठ उभा राहिलो, आणि पेलत होतो एका माणसाची लबाडी. ती आपल्या बायकोच्या हातून सुंदर करून घेत होता तो.

गेल्या आठवड्यात अंजलीने सामान बांधलं. नाशिकला भावाकडे राहून चित्रकलेचे क्लास घेणार आहे. टेम्पोवाला संजू माझ्याजवळ आला. "ताई, हे स्टँड पण घ्यायचं?"

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, नेणार.

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

राजेंद्र इथे फारसा थांबत नाही. भिंतींवर नुसते खिळे आहेत. माझ्या आडव्या फळीवर निळा रंग वाळलाय, तो निघत नाही.

तुमच्यात कुणी चित्र काढणारं असेल, तर मला घेऊन जा. मी वजनाला हलका आहे, पायाने मजबूत आहे. येताना कोरा कॅनव्हास आणा. काय काढायचं ते मी विचारणार नाही. फक्त ते तुमचं स्वतःचं असू द्या.