कडवं संपेपर्यंत

मी गॅसवर चालणारी शेकोटी बोलतेय. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, एका शेतघरात, बैठकीच्या भिंतीत माझा मुक्काम आहे. माझं पोट घरात आणि नाक घराबाहेर. भिंतीतून गेलेल्या नळकांड्यातून मी बाहेरची हवा घेते, धूरही बाहेरच सोडते. माझ्या पोटातले ओंडके मातीचे आहेत. ते जळत नाहीत, नुसतं जळल्याचं नाटक करतात.

मला इथं बसवलं ओरेस्टने. तो या घरातला थोरला मुलगा. त्याची आई स्तेफा तेव्हा म्हणाली होती, "बटणाची शेकोटी! हिच्यात बटाटे तरी भाजता येतील का?" पण पहिल्याच थंडीत माझ्यासमोरची खुर्ची तिने कुणाला दिली नाही.

माझ्यात एक छोटी निळी ज्योत असते. आधी ती पेटवायची. तिच्याशेजारी धातूची एक कांडी आहे. ती तापेपर्यंत बटण दाबून धरावं लागतं. आधी सोडलं तर मी गॅस बंद करते. तो माझा हट्ट नाही, घराची काळजी आहे. धाकटा दान्को नेहमी आधीच सोडायचा. मग ओरेस्टने त्याला युक्ती शिकवली. बटण दाबायचं आणि नाताळच्या गाण्याचं एक कडवं सावकाश म्हणायचं. कडवं संपलं की सोडायचं.

"तू कडवंसुद्धा पळत पळत म्हणतोस, गाढवा," ओरेस्ट हसायचा. "देव जन्माला यायच्या आत त्याचं लग्न लावशील!"

यंदाच्या सुगीत धान्याचा ट्रक उलटला आणि ओरेस्ट गेला. त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. काचेवर धूळ बसली. दान्को माझ्यासमोरून जाताना तोंड फिरवायचा.

मग नाताळची आदली संध्याकाळ आली. त्या संध्याकाळी या घरात गेलेल्यांसाठी एक ताट मांडतात. स्तेफाने ते माझ्यासमोर मांडलं, त्यात खसखस घातलेले गोड गहू वाढले आणि म्हणाली, "दान्को, पहिली चांदणी दिसायच्या आत शेकोटी पेटव. तो गारठून येईल."

दान्को गुडघ्यांवर बसला. बटण दाबलं, पण ठिणगीच पडेना. त्याने सेल बदलला. ठिणगी पडली, ज्योत लागली, त्याने बटण सोडलं, ज्योत गेली.

"कडवं म्हण ना."

"नाही म्हणणार."

"मग ती राहील कशी?"

"नको राहू दे!"

तरी त्याने दात आवळून बटण धरून ठेवलं. ज्योत टिकली. मोठा जाळ लागला, धडपडत वर उठला आणि विझला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्याने मला लाथ मारली.

"तिला कशाला मारतोस? तिने काय केलं?"

"त्याच्या हाताने बरी चालायची! माझ्या हातात आली की मुद्दाम मरते!"

अरे, माझं नाक दाबलंय, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण जाळ नसला की मी मुकी.

आमच्याकडे हिवाळ्यात घराच्या भिंतींना बर्फ लावतात. फावड्याने कंबरेइतका थर चढवला की वारा अडतो, घर उबदार राहतं. ते काम ओरेस्टचं होतं. यंदा दान्कोने केलं, एकट्याने, कुणाला जवळ येऊ न देता.

स्तेफा एकदम थांबली. "बर्फ लावलास तेव्हा हिच्या नाकापुढे जागा सोडलीस का रे?"

दान्को ताडकन उठला. कोट न घालता तसाच बाहेर धावला. फावडं घ्यायचंही भान नव्हतं, हातांनीच उकरू लागला. आधी हाताला एक काठी लागली, लाल चिंधी बांधलेली. इथं बर्फ नको, एवढं कळावं म्हणून ओरेस्टने ती कधीच रोवून ठेवली होती. दान्कोने तीही पुरून टाकली होती.

माझं नाक मोकळं झालं, आणि पहिल्यांदा आत आलं ते त्याचं रडणं. दफनाच्या वेळी तो रडला नव्हता.

आत येताच तो बटणाकडे झेपावला.

"थांब जरा," स्तेफा म्हणाली. "साचलेला गॅस जाऊ दे, भडका उडेल." ती त्याच्याशेजारी खाली बसली. त्याची लालभडक बोटं तिने आपल्या एप्रनमध्ये गुंडाळून धरली.

मग त्याने बटण दाबलं. पहिली ओळ म्हटली. दुसरीला आवाज फाटला. तिसरी स्तेफाने उचलली, अगदी सावकाश. कडवं संपलं. ज्योत स्थिर होती. दान्कोचं बोट मात्र बटणावरच.

"सोड आता, बाळा. नाही विझणार."

त्याने सोडलं. मी विझले नाही.

आता मी जळतेय. समोरच्या ताटातल्या गव्हांवर माझा उजेड पडलाय. दान्को ती काठी मांडीवर घेऊन बसलाय. उद्या तो ती उंच रोवणार आहे, बर्फाच्या वर दिसेल अशी. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर एवढंच करा. रागावण्याआधी बाहेर जाऊन तिचं नाक बघा. आणि बटण दाबलंत की घाई करू नका. आवाज फाटला तरी चालेल, कडवं पूर्ण म्हणा.